ज्वारी : निरंक

सकरीबाई, तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. दारव्ह्याच्या बाजारात तुमच्या तांड्यातली एक बाई अंबाडीच्या जुड्या घेऊन बसली होती. मी भाव विचारायला वाकलो तर ती जुडी पुढे न करता म्हणाली, "साहेब, तुमची सकरीबाई गेली ना."

'तुमची' म्हणाली ती. मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. मागच्या गिऱ्हाइकानं मला बाजूला सरकवलं तेव्हा भानावर आलो.

आज तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो आहे. समोर होतात तेव्हा कधी म्हटलं नाही. तुम्ही माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असाल, तरी पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला 'ए बाई' म्हणूनच हाक मारली. गावातल्या पाटलाच्या बायकोशी मी मान खाली घालून बोलायचो, ती वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी होती. तिला 'तुम्ही' आणि तांड्यावरच्या बाईला 'तू', हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआपच आलं होतं. तुम्हीही मला 'तू'च म्हणायचात, पण तुमच्या बोलीत राजालाही 'तू'च म्हणतात. माझं तसं नव्हतं. तेव्हा पहिली दुरुस्ती ही.

दुसरी मोठी आहे. तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल. तुमच्यासमोर सरळ बोलायची सवय मला कधी लागलीच नाही.

मी या भागात कृषी सहायक म्हणून आलो तेव्हा बोरी अरबच्या आसपासची पाच गावं आणि तुमचा तांडा माझ्याकडे होता. सायकल होती, खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत पेरेपत्रकाचे कोरे कागद. कोणी काय पेरलं, किती पेरलं, ते लिहून तालुक्याला द्यायचं. तुमचं शेत नाल्याच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून होतं, तीन एकर. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभा राहून पाहिलं. कापूस होता. कापसाच्या मधून तुरीच्या ओळी होत्या. कडेला अंबाडी आणि थोडा तीळ. आणि रस्त्याकडच्या बाजूला ज्वारीचे दहा तास. दहा ओळी, मोजून दहा. त्यांच्या पायाशी बरबटी आणि मूग.

माझ्या कागदावर मात्र एका शेताला एकच ओळ होती. मी लिहिलं : कापूस, तीन एकर. एका शेताचं सगळं क्षेत्र एकाच रकान्यात भरायचं, तरी पुढे ज्वारीचा रकाना होताच. तो रिकामा ठेवायचा नसतो. रिकामा रकाना म्हणजे सहायकानं काम केलं नाही असा अर्थ होतो. म्हणून जिथे काही नाही तिथे 'निरंक' लिहायचं असतं. मी लिहिलं.

तुम्ही खुरपं हातात घेऊन जवळ आलात. "काय लिवलं साहेब?"

"तुझा पेरा."

"वाचून दाखव ना."

मी वाचून दाखवलं.

"निरंक म्हंजे काय?"

"म्हणजे काही नाही."

तुम्ही वळून ज्वारीकडे पाहिलं. ती तुमच्या डोक्याच्या वर गेली होती. मग माझ्याकडे पाहिलं. "काहून? तुले दिसून नाही राह्यली का?"

"दिसते गं. पण खाना एकच आहे ना. मुख्य पीक लिहायचं."

"खाना येक हाय म्हनून मी पोटात बी येकच टाकू का? कापूस खाऊ?"

शेजारच्या शेतातल्या बाया खदखदून हसल्या. मलाही हसू आलं, ते दाबून मी सायकल वळवली. मागून तुमचा आवाज आला, "ओ निरंक साहेब! तुया कागदाले विचारून नाही उगवली ते!" त्या दिवसापासून पाची गावांत माझं नाव निरंक साहेब पडलं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. तुम्ही मात्र तो शब्द विसरला नाहीत.

त्या ज्वारीला तुम्ही 'याडी' म्हणायचात. तुमच्या बोलीत याडी म्हणजे आई. लग्न होऊन या तांड्यावर आलात तेव्हा आईनं लुगड्याच्या पदरात बांधून दिलेलं बियाणं होतं ते. दाणा लालसर, बारीक, कणीस थोडं वाकडं. मी एकदा विचारलं, "या वाणाचं नाव काय?" तुम्ही म्हणालात, "याडी." मी म्हटलं, "ते नातं झालं, वाण सांग." तुम्ही म्हणालात, "तेच सांगून राह्यली." माझ्या कागदात वाणाच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे, 'सुधारित' नाहीतर 'स्थानिक'. तुमच्या आईला मी 'स्थानिक'सुद्धा लिहिलं नाही.

हेही सांगून टाकतो. एका वैशाखात मी पाहणीला आलो आणि नाल्याच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसलो. ऊन लागलं होतं. तुम्ही आणि तुमच्या जावेनं मला धरून पळसाच्या सावलीत नेलं. तुम्ही घरून मडक्यातली आंबील आणली. गार, आंबट, वर मीठ आणि जिऱ्याची पूड. दोन वाट्या पोटात गेल्यावर मला समोरचं दिसायला लागलं. "ही याडीचीच हाय," तुम्ही म्हणालात. "आता तरी लिव." मी हो म्हटलं. संध्याकाळी दारव्ह्याला ऑफिसात बसून मागच्या हंगामाचा तक्ता पूर्ण केला. तुमच्या ओळीवर आलो. पोटात तुमचीच आंबील होती आणि हातानं लिहिलं, निरंक. हात थबकला वगैरे काही नाही. ती नुसती सवय होती.

त्या वर्षांत आपण किती भांडलो! मी संकरित ज्वारीच्या पिशव्या घेऊन यायचो आणि तुम्ही म्हणायचात, "ते पिकते लई, पन तिचा कडबा बैल तोंडात धरत नाही. त्याइले इचार आंधी, मंग मले दे." मी म्हणायचो, रेशनवर गहू येतो, तांदूळ येतो, कशाला या दहा तासांच्या मागे लागतेस, तेवढ्यात कापूस लाव. तुम्ही म्हणायचात, "रेशनवाल्याचं दुकान उघडलं तर येते. मायी कनगी मी उघडतो."

हळूहळू शिवारातली ज्वारी कमी झाली. आधी संकरित कापूस, मग सोयाबीन. मीच सभा घेऊन सांगत होतो. एका वर्षी असं झालं की आसपासच्या शिवारात ज्वारी फक्त तुमच्याकडे राहिली आणि झाडून सगळी पाखरं तुमच्या दहा तासांवर तुटून पडली. तुम्ही दिवसभर गोफण घेऊन मचाणावर. घसा बसला होता तुमचा. मी खालून म्हटलं, "बघ, म्हणून सांगत होतो सोड आता." तुम्ही गोफणीतला दगड माझ्या सायकलीच्या दिशेनं सोडला, सायकल वाचवून. मग म्हणालात, "तू साऱ्याइची जवारी काढली. आता पाखरं कुठी जाईन? तुया हापिसात?"

मी हसत निघून गेलो. प्रश्न बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं.

मी वाईट माणूस नव्हतो असं लिहायचा मोह होतो आहे. लिहीत नाही. मला वाटायचं की मी शेती पुढे नेतो आहे. वरून लक्ष्यांक यायचा, कापसाखाली इतकं क्षेत्र दाखवा. तो गाठला की तालुक्याच्या बैठकीत साहेब मान हलवायचे. माझ्या पाची गावांचा तक्ता सगळ्यात स्वच्छ असायचा. एक गाव, एक पीक. बाकी रकाने निरंक. तो तक्ता तालुक्याला जायचा, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा पुढे. आता निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात जगाच्या अन्नाविषयीचे लेख वाचतो. कुठल्या देशात काय पिकतं, कुणाला किती खायला मिळतं, कोरडवाहू भागातल्या लोकांनी काय पेरावं. शेजारी नकाशे असतात. आपल्या भागाला एकच रंग दिलेला असतो. लोकांना वाटत असेल हा रंग कुण्या विद्वानानं दिला. तो धुऱ्यावर सायकल टेकवून मी दिलेला आहे.

आता त्या पाहुण्यांकडे येतो. टाळता येईल तेवढं टाळून झालं.

जगभरातल्या अन्नाचा अभ्यास करणाऱ्या एका परदेशी संस्थेचे लोक आपल्या भागात येणार होते. कोरडवाहू भागातली कुटुंबं काय पिकवतात आणि काय खातात, ते पाहून पुढच्या योजनांसाठी सल्ला देणार होते. कुठलं गाव दाखवायचं हे ठरवताना माझ्या स्वच्छ तक्त्यामुळे माझी गावं निवडली गेली. मला केवढा अभिमान वाटला! मग साहेब म्हणाले, "गाड्या त्या नाल्याजवळच्या वळणावर थांबतील. तिथून शेत चांगलं दिसतं. सलग कापूस दिसला पाहिजे."

वळणावरचं शेत तुमचं होतं. आणि रस्त्याच्या बाजूला तुमची ज्वारी. निसवलेली, दाणा दुधावर आलेली.

कागदावर ज्वारी निरंक, आणि पाहुणे गाडीतून उतरले की पहिली नजर ज्वारीवर जाणार. कुणी विचारलं तर काय सांगायचं? मला रात्रंदिवस तेवढीच काळजी लागली. कागद शेतासारखा करायचा सोडून मी शेत कागदासारखं करायला निघालो.

आठ दिवस आधी सकाळी तुमच्याकडे आलो. म्हटलं, "हे दहा तास काढून टाक."

तुम्हाला आधी थट्टा वाटली. "हो ना, काढतो. संक्रांतीच्या आंधी काढतो. तुले बी हुरड्याले बोलावतो."

"आत्ता. या आठवड्यात."

"दूध हाय आतमंधी, साहेब. भरल्या पोटाची हाय ते. असं कोनी कापते का?"

मी बरंच काही सांगितलं. पाहुणे, गावाचं नाव, साहेबांची इज्जत. तुमच्यावर कशाचाही परिणाम झाला नाही. तेव्हा मी बंधाऱ्याचं नाव काढलं.

तांड्याखालच्या नाल्यावर सिमेंटचा बंधारा व्हावा म्हणून तांडा किती वर्षं मागणी करत होता, ते मला माहीत होतं. उन्हाळ्यात तुम्ही बाया दोन कोस डोक्यावर पाणी आणायच्या. मी म्हटलं, "हे लोक खूश झाले तरच बंधारा मंजूर होईल. तुझ्या दहा तासांपायी तो दुसऱ्या गावाला गेला तर तांड्याला तोंड कसं दाखवशील?"

सकरीबाई, बंधारा तेव्हा मंजूर झालेला होता. महिनाभर आधीच. मंजुरीचं पत्र मी दारव्ह्याच्या ऑफिसात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. त्याचा पाहुण्यांशी काही संबंध नव्हता. तुमच्या ज्वारीशी तर नव्हताच नव्हता.

ही ती दुसरी दुरुस्ती. एवढी वर्षं ही माझ्याजवळ होती.

तुम्ही एक कणीस वाकवून हातात घेतलंत. मग म्हणालात, "आवंदा पयली पेरनी वाया गेली. घरात होतं नव्हतं ते बी मी दुसऱ्यांदा पेरलं. कनगीत मूठभर बी उरलं नाही, साहेब. हे कापली तर याडी संपली."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. ऐकून मी म्हणालो, "त्यात काय! ऑफिसातून तुला सुधारित बियाण्याची पिशवी देतो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही विळा घेतला. कुणाला हात लावू दिला नाही म्हणे, जावेलाही नाही. हिरवी ताटं बैलांपुढे टाकलीत. मी संध्याकाळी येऊन पाहिलं तर दहा ओळींच्या जागी नुसते बुडखे होते. तेही मी माणसं लावून उपटून घेतले. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून.

पाहुणे आले. गोरी, उंच बाई, डोक्यावर सुती टोपी. सोबत दुसऱ्या राज्यातून आलेला दुभाषा होता, त्याला इकडची बोली उमगेना, म्हणून साहेबांनी मला पुढे केलं. बाई फार अदबीनं विचारत होती. कापूस बुडाला तर घरात काय खाता, असं तिनं विचारलं. मी तुम्हाला मराठीत सांगितलं.

तुम्ही पदर नीट केलात आणि बोलायला लागलात. मागच्या सालापर्यंत ज्वारी खात होतो. या इथे होती, हात करून जागा दाखवलीत. आईच्या घरची होती. पाऊस कमी झाला तरी यायची, बैलांनाही पुरायची, अंगावर दूध पाजणाऱ्या बाईला तिचीच आंबील. आणि मग माझ्याकडे बोट करून, "आवंदा या साहेबानं कापाले लावली. पान्यासाठी."

माझं इंग्रजी मोडकं होतं, पण खोटं बोलण्यापुरतं होतं. मी सांगितलं की ही बाई म्हणते, कापसामुळे आता बरं चाललं आहे, धान्य आम्ही बाजारातून आणि रेशनमधून घेतो.

बाईनं मान हलवली, वहीत लिहिलं. तुम्ही एकदा माझ्याकडे, एकदा त्या वहीकडे पाहिलं. म्हणालात, "येवढं सारं मी बोलली, अन् तू येवढंसंच काहून सांगतलं?"

सगळे हसले. साहेब हसले. पाहुण्या बाईला आणि दुभाष्याला काही कळलं नाही, पण इतरांबरोबर तेही हसले. मीही हसलो. तुम्ही एकट्याच हसला नाहीत.

त्या संस्थेचा अहवाल बऱ्याच महिन्यांनी ऑफिसात आला. आपल्या भागाबद्दल त्यात फार काही नव्हतं. इथली कुटुंबं आता खाण्यासाठी काही पिकवत नाहीत, विकत घेतात, अशा अर्थाचं थोडंसं होतं. मी ते वाचून कपाटात ठेवलं. माझं वाक्य होतं ते. तुमच्या तोंडी घातलेलं.

पुढच्या उन्हाळ्यात बंधारा झाला. पहिल्या पावसाळ्यात भरला तेव्हा तांड्यानं नारळ फोडला. मलाही बोलावलं होतं. तुम्ही मला लोकांपुढे करत म्हणालात, "या साहेबानं सांगतलं म्हनून मी जवारी कापली, अन् पानी आलं. या बंधाऱ्यात मायी याडी हाय." तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, मला टोपी घातली. मी ती घालून घेतली.

त्यानंतर तुम्ही मला कधी शिव्या दिल्या नाहीत. सकरीबाई, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट माझी बायको गेली तेव्हा तुम्ही जीपमध्ये बसून दारव्ह्याला आलात, ओसरीवर बसलात आणि स्वतःच्या बोलीत तिच्यासाठी रडलात. गाणं म्हटल्यासारखं. माझ्या नात्यातल्या बायका दारातून पाहत राहिल्या. जाताना म्हणालात, "भाकर खाय साहेब. उपाशी नको राहू." तेव्हा सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. वाटलं, आता नको, हिचं मन कशाला दुखवायचं. मन माझंच जपत होतो, नाव तुमचं घेत होतो.

आणि मग ते भरडधान्यांचं वर्ष. साऱ्या जगाला अचानक ज्वारी-बाजरीची आठवण झाली. यवतमाळला बियाण्यांचं प्रदर्शन भरलं आणि जुना जाणकार म्हणून भाषणाला मला बोलावलं. मला! मी पाऊण तास बोललो. ज्वारी कशी दुष्काळात तगते, मिश्र पिकं कशी घराला तारतात, आपल्या आयाबहिणींनी बियाणं कसं जपलं. टाळ्या पडल्या. आंबिलीचं सांगताना माझा आवाजही भरून आला. तिसऱ्या रांगेत तुम्ही बसला होतात, सुनेच्या बचत गटाबरोबर आला होतात. मला तुम्ही दिसला नाहीत म्हणालो तर तेही खोटं होईल. दिसलात, आणि मी त्या बाजूला पाहणं सोडलं.

खाली उतरलो तर तुम्ही काठी टेकत समोर आलात. "लई छान बोलला साहेब. निरंकवर येवढं बोलता येते, मले मालूम नव्हतं."

कविता, तुमची सून, तोंडावर पदर धरून हसली. मी विचारलं, "इतक्या लांब कशाला आलीस या वयात?"

"इथी साऱ्याइनं वाट्यावाट्यात बी मांडलं ना. म्हनलं पाहू, कोनापाशी याडी असन तर." तुम्ही टेबलांकडे हात केलात. "साऱ्या वाट्या पाहिल्या. दाना दाताखाली धरून पाहिला. नाही भेटली." मग माझ्या दंडावर थोपटलंत. "जाऊ दे. बंधाऱ्यात हाय ना ते."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. हातात आयोजकांनी दिलेला नारळ आणि शाल होती.

बाजारात कळल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांड्यावर आलो. कविता अंगणात सुपात तूर पाखडत होती. तुमचा मुलगा कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे सगळं तिच्याच अंगावर आहे. मला खाट टाकून दिली. आता ती पेरा स्वतःच मोबाईलवर नोंदवते, शेतात उभं राहून फोटो काढते, आणि त्यात मिश्र पिकाला वेगळी सोय आहे. मी पाहिलं. दोन बोटांचं काम. मी नोकरीभर तुम्हाला सांगत होतो की खाना एकच आहे.

कविता म्हणाली, "साहेब, बरे आले. तांड्यानं ठरवलं हाय. बंधाऱ्यावर बुढीच्या नावाचा दगड बसवाचा. नायक म्हने, मजकूर साहेबाकडूनच घ्या, त्याइचं अक्षर चांगलं हाय."

"काय लिहायचं?"

"तुमाले नाही का मालूम? लिवा, की इनं आपली उभी जवारी कापून तांड्याले पानी आनलं."

तिनं मुलीच्या वहीचं पान फाडून दिलं, पेन दिलं. मी पेन उघडलं. बंधारा तिथून दिसतो. कडेला दोन म्हशी पाण्यात होत्या. मी पेनाला टोपण लावलं आणि कविताला सगळं सांगितलं. मंजुरीचं पत्र. पाहुणे. बाईला इंग्रजीत काय सांगितलं ते. बियाणं संपेल असं तुम्ही म्हणाला होतात तेही.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग बंधाऱ्यात जवारी नाही?"

"नाही."

"मंग ते गेली कुठी?"

सकरीबाई, या प्रश्नाचं उत्तर म्हणून मला एकच शब्द येत होता. तो मी उच्चारला नाही.

ती बंधाऱ्याकडे पाहत म्हणाली, "दर साली बंधारा भरला का बुढी आमाले तिथी नेये. पान्यात हात घाले अन् म्हने, पाहा, ही मायी याडी. मी माया पोरीले बी तेच सांगतलं. आता तिले काय सांगू?"

"खरं सांग."

"मी कायले सांगू? लबाडी तुमची, तुमीच सांगा. दगडावर लिवा."

"दगडावर?"

"तांड्याच्या साऱ्या लोकाइले खोटं सांगतलं ना? मंग खरं बी साऱ्याइले दिसलं पायजे. घरोघरी जाऊन सांगनं जमन का तुमाले?"

मी कागद घेऊन घरी आलो. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. प्रत्येक वेळी तुमची थोरवी फार झाली आणि माझं पाप त्यात कुठेतरी दिसेनासं झालं. शेवटी मला जे एकच लिहिता येतं त्यावर आलो. पट्टी घेऊन रकाने आखले. एक-दोन दिवसांत दगड कोरणारा येणार होता म्हणून दुसऱ्या दिवशीच कविताकडे नेऊन दिलं.

शेतकऱ्याचं नाव : सकरीबाई.
पीक : ज्वारी.
वाण : याडी.
क्षेत्र : दहा तास.
शेरा : दाण्यावर आलेलं पीक कृषी सहायकानं खोटं सांगून कापायला लावलं. बंधारा आधीच मंजूर होता. बियाणं शिल्लक नाही.

कवितानं दोनदा वाचलं. ओठ हलवत, बोट फिरवत. मला वाटलं, झालं. शेऱ्याच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"साहेब, कृषी सहायक म्हंजे कोन?"

"म्हणजे मी."

"मंग हे असं काहून?" तिनं कागद माझ्यापुढे धरला. "बुढीचं नाव हाय, जवारीचं बी नाव हाय. तुमचंच निरंक हाय."

मी पेन मागितलं. 'कृषी सहायकानं' यावर काट मारली आणि वर माझं नाव लिहिलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.